इंजिन बदललें, सांध्याचें काय?

शेतकऱ्याच्या घरची जुनी गाडी सहसा मोडींत निघत नाहीं. बैल थकला तरी त्याला दावणीवरून हांकून देणें ज्याच्या जिवावर येतें, तो मनुष्य वीस-पंचवीस वर्षें राबलेली जीप भंगाराच्या कांट्यावर सहजासहजीं चढवील असें मानणें व्यर्थ होय. गाडीचा सांगाडा घट्ट आहे, चाकें व आंस शाबूत आहेत, बिघडलें आहे तें इंजिन. मग दुसरें इंजिन बसवूं, असा सरळ हिशेब तो करतो. हा हिशेब आम्ही चुकीचा म्हणत नाहीं. तो अपुरा आहे असें मात्र आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे. तो कोठें अपुरा आहे, आणि तो अपुरेपणा किती महागांत पडूं शकतो, हें वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेख.

इंजिन बदलण्याची गोष्ट निघाली कीं पारावर व गॅरेजांत ज्या चर्चा होतात त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अश्वशक्ति किती, एका लिटरांत गाडी किती जाईल, सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतील कीं नाहीं, किंमत काय पडेल, यांचा खल दिवसेंदिवस चालतो. परंतु इंजिनांत निपजलेली शक्ति मागच्या चाकांपर्यंत कोणत्या वाटेनें जाते, आणि नव्या इंजिनासाठीं ती वाट बदलावी लागेल काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. इंजिन गाडींत उतरतें, बैठकांवर बसतें, चालूही होतें. आणि मग लक्षांत येतें कीं गिअरबॉक्सच्या मागील तोंडाचा व चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा मेळच बसत नाहीं. तोंवर पैसा संपलेला असतो आणि पेरणी तोंडावर आलेली असते. ज्या कामास आठ दिवसांचें मोजमाप हवें, तें एका दुपारच्या वेल्डिंगनें उरकलें जातें.

इंजिन बदलण्याची ही चाल आपल्याकडे कां पडली, तेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीनें थोड्याच काळांत अमेरिकन विलिस जीपगाड्यांची जुळणी हातीं घेतली, व त्या गाड्या खेड्यापाड्यांतून पसरल्या. त्यांचीं इंजिनें पेट्रोलवर चालत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें, तेव्हां अनेकांनीं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविलें. गरजेंतून निघालेली ही युक्ति होती, आणि तिनें कित्येकांचा संसार चालविला. म्हणून इंजिन बदलणाऱ्यास सरसकट मूर्ख ठरविणाऱ्या शहरी टीकाकारांशीं आमचें जमत नाहीं. पण जमलें तें सर्वच नीट जमलें, असेंही आम्ही म्हणणार नाहीं.

मिस्त्री ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात तो पोलादी दांडा एका टोंकास गिअरबॉक्सला, किंवा चारही चाकांस जोर असलेल्या गाडींत ट्रान्स्फर केसला, जोडलेला असतो. दुसरें टोंक मागच्या आंसावरील डिफरन्शियलला मिळतें. दोन्ही टोंकांस क्रॉसचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, असतात. आणि दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून एके ठिकाणीं दांत्यांचा सरकता जोड असतो. कांहीं गाड्यांत हा सरकता जोड दांड्यांतच असून गिअरबॉक्सला पक्का फ्लँज असतो. कांहींत दांड्याचें तोंडच गिअरबॉक्सच्या दांतेरी शाफ्टावर पुढेंमागें सरकतें. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलला तर त्याची लांबी, तोंडाची जात, दांत्यांची संख्या व बोल्टांचीं भोकें, हें सर्व बदलूं शकतें. येथेंच खरें काम सुरू होतें.

प्रथम पिळाचा विचार करूं. अश्वशक्ति सारखी असली म्हणजे दांड्यावरचा भारही सारखा, ही समजूत खोटी आहे. पीळ काढण्याची रीत सोपी आहे : अश्वशक्तीला ७१६ नें गुणावें आणि मिनिटाच्या फेऱ्यांनीं भागावें, उत्तर किलोग्रॅम-मीटरमध्यें येतें. ४० अश्वशक्तीचें एक इंजिन ती शक्ति ४००० फेऱ्यांवर देतें असें समजा. त्याचा पीळ सुमारें ७.२ येतो. दुसरें तितक्याच शक्तीचें, पण ती २००० फेऱ्यांवर देणारें. त्याचा पीळ १४.३ येतो. आतां पहिला गिअर व ट्रान्स्फर केसचा हळू गिअर मिळून पीळ दसपट करीत असतील, तर दांड्यावर पहिल्या इंजिनाचा ७२ आणि दुसऱ्याचा १४३ इतका पीळ पडेल. कागदावर दोन्ही इंजिनें ४० अश्वशक्तीचींच ! परंतु दांड्याला, क्रॉसला आणि डिफरन्शियलच्या दांत्यांना दुप्पट भार सोसावा लागतो. सावकाश फिरणारें डिझेल इंजिन जुन्या हलक्या दांड्याला जोडून चिखलांतून उसाची ट्रॉली ओढूं पाहणाऱ्यानें हा गुणाकार आधीं करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

दुसरी गोष्ट लांबीची. नवा गिअरबॉक्स चार इंच लांब असेल तर दांडा तितका आंखूड हवा, हें कोणासही कळतें. परंतु माप केव्हां घ्यावयाचें, तेथें चूक होते. गाडी जॅकवर टांगून, चाकें लोंबत असतां घेतलेलें माप निरुपयोगी होय. चाकें जमिनीवर, गाडीचें वजन पाट्यांवर, अशा स्थितींत माप घ्यावें, आणि त्या वेळीं सरकता जोड आपल्या सरकण्याच्या मधोमध असावा. मग आंस पूर्ण लोंबवून जोड निसटत नाहीं ना, आणि पाटे पूर्ण दाबून तो तळाशीं टेंकत नाहीं ना, हें दोन्हीं वेळां पाहावें. दांडा लांब राहिला तर प्रत्येक खड्ड्यास तो गिअरबॉक्सच्या व डिफरन्शियलच्या बेअरिंगवर घणासारखा आदळतो. आंखूड राहिला तर थोड्याच दांत्यांवर सगळा पीळ येतो, आणि ते दांते झिजून एके दिवशीं जोड मोकळा होतो.

तिसरी गोष्ट कोनाची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. क्रॉसच्या सांध्याचें तत्त्व जुनें आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो याचें नांव त्यास मिळालें. सतराव्या शतकांत इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें त्याचा अभ्यास केला. आणि १९०३ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर यानें मोटारीसाठीं त्याचें पेटंट घेतलें. या सांध्याचा एक जन्मदोष आहे. तो वांकून फिरूं लागला कीं पुढचा दांडा एकसारखा फिरत असतांही मागचा एका फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतो. कोन १० अंशांचा असल्यास हा फरक शेंकडा दीडच असतो. २० अंशांस तो सहाच्या घरांत जातो. आणि ३० अंशांस गति शेंकडा १३ नें घटते व १५ नें वाढते. दांडा मिनिटास ३००० फेरे घेत असला तर असे ६००० हिसके मिनिटास बसतात.

या दोषावर उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे. दांड्याच्या दोन्ही टोंकांचे सांधे सारख्याच कोनांत ठेवावे आणि दांड्यावरचे दोन्ही चिमटे एकाच पातळींत असावे. मग एका सांध्यानें केलेला घोटाळा दुसरा निस्तरतो. याचाच अर्थ, बाजूनें पाहिलें असतां गिअरबॉक्सच्या शाफ्टाची रेषा व डिफरन्शियलच्या तोंडाची रेषा एकमेकींस समांतर असाव्या. नवें इंजिन उंच म्हणून त्याची शेपटी खालीं झुकविली आणि मागचा आंस तसाच ठेवला, कीं हें समांतरत्व गेलें. कोन शक्य तितका लहान असावा; वेगानें धांवणाऱ्या गाडींत तो तीन अंशांच्या आंत राहील तर उत्तम. परंतु तो अगदीं शून्यही नसावा. सांधा मुळींच वांकला नाहीं तर क्रॉसच्या टोप्यांतील सुईसारखे रोलर फिरत नाहींत व एकाच जागीं खांचा पाडतात. शिवाय सरकता जोड सोडविण्यापूर्वीं दोन्ही भागांवर छिन्नीनें किंवा रंगानें खूण करावी. एक दांता चुकला तरी चिमट्यांची पातळी बिघडते, आणि मग गाडी कां थरथरते तें शोधण्यांत महिने जातात.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष जोडाची. गिअरबॉक्सचा फ्लँज एका जातीचा व दांड्याचा दुसऱ्या जातीचा असला म्हणजे मध्यें तबकडी घालण्याचा प्रघात आहे. तबकडी वाईट नाहीं. गॅसनें कापून कानसेनें घांसलेली तबकडी वाईट. फ्लँजाचा मध्य बोल्टांनीं साधत नसतो. तो मधल्या गोल उंचवट्यानें व त्यांत घट्ट बसणाऱ्या खोबणीनें साधतो. म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजूंस हा उंचवटा व खोबण लेथवर एकाच मध्यावर उतरविलेली असली पाहिजे आणि तिचीं दोन्ही तोंडें समांतर हवीं. बोल्ट ८.८ किंवा १०.९ अशा खुणेचे घ्यावे व ठरलेल्या जोरानें आवळावे, कारण दोन फ्लँज एकमेकांस घट्ट दाबून धरणें हेंच बोल्टाचें काम. ढिला बोल्ट कापला जातो. भोकें जुळत नाहींत म्हणून तीं लांबट करणें, किंवा फ्लँजच शाफ्टाला वेल्ड करून टाकणें, याला आम्ही कारागिरी म्हणत नाहीं.

नळी कापून वेल्ड करावी लागलीच तर ती सरळ आहे कीं नाहीं हें तपासून तिचें बॅलन्सिंग करून घेतलें पाहिजे. वेल्डिंगचा २० ग्रॅमांचा जादा लोळा मध्यापासून ४ सेंटिमीटरवर राहिला तर ३००० फेऱ्यांच्या गतीस तो सुमारें ८ किलोंच्या ओढीनें दांड्यास गरगरां हिसडतो. गति दुप्पट झाली कीं ओढ चौपट होते. दांडा लांब करतांना तर अधिकच जपावें. प्रत्येक दांड्याची एक घातक गति असते. ती गांठली कीं तो धनुष्यासारखा वांकूं लागतो. ही गति लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटते. तीच नळी चार फुटांऐवजीं पांच फूट केली तर घातक गति पूर्वीच्या शेंकडा ६४ वरच येते. अशा वेळीं जाड घेराची नळी घेणें किंवा दांडा दोन तुकड्यांत करून मध्यें बेअरिंगचा आधार देणें हाच मार्ग होय.

एवढें करण्याचें कारण काय, गाडी थोडी थरथरली म्हणून काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. त्याला आमचें उत्तर असें कीं थरथर हा पहिला इशारा असतो, व पुढचे इशारे येतीलच असा भरंवसा नसतो. पुढचा सांधा तुटला तर फिरता दांडा रस्त्यांत रोवला जाऊन गाडी उचलली जाऊं शकते, किंवा तो तळाचा पत्रा फोडून आंत येऊं शकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडावरील ड्रमावर असतो. त्याचा धाक मागच्या चाकांपर्यंत पोंचतो तो याच दांड्यांतून. दांडा सुटला कीं इंजिनाचा आवर गेला, आणि हातब्रेकही गेला. घाटांत, मागें माणसें बसलेलीं असतां, पायाच्या ब्रेकवरच सर्वांचा जीव ! पुढच्या सांध्याजवळ दांड्याभोंवतीं जाड लोखंडी पट्टीचें कडें बसविण्यास कितीसा खर्च येतो ? तरीही तें कडें आम्हांस क्वचितच दिसतें.

ज्यांना जीपशीं कर्तव्य नाहीं, त्यांनीं ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओकडे पाहावें. तेथेंही हाच धडा आहे. ५४० फेऱ्यांच्या पीटीओ शाफ्टास सहा दांते असतात, १००० फेऱ्यांच्यास एकवीस; दोहोंची जाडी ३५ मिलिमीटरच. दांत्यांत हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, कीं चुकीचें अवजार जोडतां येऊं नये. बाजारांत मिळणारा जोड-तुकडा घालून हा अडसर कोणी ओलांडला, तर दांते जुळतात, परंतु गति जुळत नाहीं. ५४० साठीं बनविलेलें अवजार १००० वर फिरविलें तर गति १.८५ पट होते आणि फिरत्या भागांस बाहेर फेंकणारा जोर जवळजवळ साडेतीन पट होतो. शिवाय त्या तुकड्यानें शाफ्ट मागें सरकून संरक्षक आवरणाबाहेर उघडा पडतो. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर ओढून घ्यावयास एवढें पुरतें. जोड बसला म्हणजे जोडणी झाली असें नव्हे, हें येथें डोळ्यांनीं दिसतें.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. इंजिनाचा नंबर बदलतो, कित्येकदां इंधनही बदलतें. तेव्हां काम सुरू करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी घेणें हाच शहाणपणा होय. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. परवानगीचे हेलपाटे शेतकऱ्यास नकोसे वाटतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्या वाड्यांतली गाडी आपली असली, तरी ती ज्या रस्त्यावरून जाते तो सर्वांचा आहे.

एक आक्षेप नेहमीं येतो : "आमचा मिस्त्री हुशार आहे, डोळ्यांनीं पाहून सांगतो." मिस्त्रीच्या हुशारीविषयीं आम्हांस शंका नाहीं, या देशांतील जुन्या गाड्या त्याच्याच हातांवर चालल्या आहेत. पण दोन अंशांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं व वीस ग्रॅमांचा हातास कळत नाहीं. सोनाराची नजर कितीही तयार असली तरी तो कांटा दुकानांत ठेवतोच. दुसरा आक्षेप खर्चाचा. इंजिनावर मोठी रक्कम घालणारा मनुष्य लेथच्या व बॅलन्सिंगच्या बिलावर घासाघीस करतो, ही आम्हांस विहिरीवर खर्च करून दोर उसना आणण्यासारखी गोष्ट वाटते.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. ज्यास इंजिन बदलावयाचें आहे त्यानें निवड मागून पुढें करावी : आधीं डिफरन्शियल व दांडा किती पीळ सोसतील तें पाहावें, मग गिअरबॉक्स, आणि शेवटीं इंजिन. शक्यतों त्याच कारखान्यानें त्याच सांगाड्यावर दिलेली इंजिन व गिअरबॉक्सची जोडी घ्यावी, म्हणजे तिच्या मापाचा दांडा तयार मिळतो. मिस्त्रीशीं ठराव करतांना दांडा, सांधे, बॅलन्सिंग व कोनाचें माप हीं त्या ठरावांतच लिहून घ्यावीं. "पुढचें पुढें पाहूं" हें वाक्य त्यांत नसावें. आणि हिशेब जमत नसेल तर बेत सोडून द्यावा, त्यांत कमीपणा नाहीं. जुन्या गाडीस विजेची मोटर बसविण्याचे बेत आतां ऐकूं येतात. त्यांसही हाच नियम लागू आहे, किंबहुना अधिक, कारण विजेची मोटर पहिल्याच फेऱ्यापासून पूर्ण पीळ देते.

सभासदांपुढें आमची एक सूचना आहे. एकट्या शेतकऱ्यानें कोनमापक, डायल गेज व बोल्ट ठराविक जोरानें आवळण्याचा पाना विकत घेणें परवडणार नाहीं. परंतु संस्थेनें हीं तीन साधनें घेऊन सभासदांस वापरावयास देणें जड नाहीं. त्यांबरोबर एक वही ठेवावी. कोणत्या गाडीस कोणतें इंजिन व कोणता गिअरबॉक्स बसला, दांडा किती लांब झाला, कोन किती आले, कोणता क्रॉस घातला, आणि वर्षानंतर काय अवस्था आहे, हें त्या वहींत ज्यानें त्यानें लिहावें. बियाणांच्या बाबतींत आपण हें करतोंच. कोणतें वाण कोणत्या जमिनींत कसें आलें हें एकमेकांस सांगतों, म्हणून दुसऱ्याचा हंगाम वाया जात नाहीं. लोखंडाच्या बाबतींतही तेंच केलें, तर एकाच्या मोजमापानें दहांचा खर्च वांचेल, आणि घाटांतल्या एखाद्या वळणावर कोणाचा तरी जीवही वांचेल. ही वही येत्या बैठकींत सुरू व्हावी, अशी आमची सभासदांस विनंति आहे.